स्लिम की गॉन्ट?

लंच अवर. शेजारच्या डेस्कवरचा माझा मित्र अर्धा डबा टाकून उठला. शर्ट ढगळ, पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं. मी पाठीवर थाप मारली, "बॉस, काय स्लिम झालायस! कुठलं जिम?" तो नुसता हसला. जिमबिम काही नव्हतंच.

त्याच रविवारी त्याच्या घरी गेलो. गावाहून आलेल्या काकूंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "बघ रे, कसा खंगलाय हा!"

माणूस तोच. मी म्हटलं स्लिम, काकू म्हणाल्या खंगलाय. दोघांपैकी एकाचा शब्द साफ चुकला होता. सांगायला लाज वाटते, पण तो माझा होता.

तर मंडळी, आजचा विषय 'बारीक'. इंग्रजीत त्याला डझनभर शब्द आहेत, आणि आपण सगळीकडे 'स्लिम' चिकटवून मोकळे होतो.

'थिन' हा साधा शब्द. बारीक, बस. ना कौतुक, ना टोमणा. पण ओळखीच्या माणसाला 'यू लुक थिन' म्हटलं, की त्यात 'बरा आहेस ना?' हा प्रश्न ऐकू येतो. 'स्लिम' म्हणजे सडपातळ आणि 'स्लेंडर' म्हणजे शेलाटा. दोन्ही कौतुकाचे, दुसरा जरा जास्तच नाजूक. 'लीन' म्हणजे काटक. चरबी नाही, पण ताकद भरपूर. मॅरेथॉनवाले आठवा. 'लँकी' म्हणजे ताडमाड उंच आणि काटकुळा.

इथून पुढे जपून. 'स्किनी' जीन्सला शोभतं, माणसाला म्हटलं तर 'हडकुळा' होतं. जिवलग मित्राला चालेल, बॉसच्या बायकोला नाही. 'स्क्रॉनी' म्हणजे किडकिडीत, आपलं पाप्याचं पितर. हा शब्द तोंडावर वापरायचाच नाही.

आणि मग येतात ते शब्द, जे ऐकून डॉक्टरांचा नंबर शोधावा. 'गॉन्ट' म्हणजे गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. आजार, उपासमार किंवा मोठी काळजी, काहीतरी आत कुरतडतंय. 'इमॅसिएटेड' म्हणजे निव्वळ हाडांचा सापळा. डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये भेटतो तो हाच.

'हॅगार्ड' मात्र बारीकपणाचा शब्दच नाही! मोठा झाल्यावर रानातून पकडलेल्या, माणसाळत नसलेल्या शिकारी ससाण्याला हॅगार्ड म्हणत. आता त्याचा अर्थ ओढलेला, थकलेला चेहरा. म्हणजे डेडलाइनच्या आधी तीन रात्री जागलेला गुबगुबीत प्रोजेक्ट मॅनेजरसुद्धा मजेत हॅगार्ड दिसू शकतो. 'फ्रेल'चंही तसंच. त्यात मुद्दा अशक्तपणाचा, पडले तर हाड मोडेल अशा आजोबांचा.

कौतुकाचा शब्द आणि आजार यांच्यातली भिंत किती पातळ असते, ते युगांडात दिसलं. 1980च्या दशकात तिथल्या खेड्यांत माणसं भराभर वाळून मरायला लागली. लोकांनी त्या आजाराला नाव दिलं 'स्लिम'. 1985 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याच नावाने त्यावर लेख आला. तो आजार होता एड्स. जो शब्द आपण जिमच्या बोर्डावर वाचतो, तोच तिथे ऐकला की घरात रडारड व्हायची.

आपल्याकडेही वेगळं नाही. टीबीला मराठीत क्षय म्हणतात, म्हणजे झिजणं. जुन्या इंग्रजीत त्याला 'कन्झम्प्शन' म्हणायचे, कारण तो माणसाला खाऊन टाकतो. दोन्ही भाषांनी ओळखलं ते झिजणाऱ्या अंगावरूनच.

आता कळलंच असेल. काकू सोमवारी त्याला हात धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. एक्स-रे, थुंकीची तपासणी. टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या, एकही डोस न चुकवता. तो आता ठणठणीत आहे. परवा मी म्हटलं, "पोट सुटायला लागलंय तुझं," तर इतका खूश झाला की कटिंग त्यानेच पाजला.

डॉक्टर सांगतात, काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर दाखवून घ्या. सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलो, बस्स. इतका फरक ऑफिसात सगळ्यांना दिसतो. आपण त्याला नाव चुकीचं देतो, एवढंच.

म्हणून हल्ली कोणी अचानक बारीक दिसलं, की मी कॉम्प्लिमेंट खिशात ठेवतो आणि आधी हळूच विचारतो, "ठरवून झालास, की आपोआप?"

उत्तर 'ठरवून' आलं, तर स्लिम. 'आपोआप' आलं, तर काकूंचा शब्द.