परक्यांची रेघ, कोरियाचे रक्त

कोरियाच्या युद्धाचा विषय निघाला की डाव्या कार्यकर्त्यांत आजही दोन तट पडतात. एका तटाच्या मते सारे पाप अमेरिकेचे. दुसऱ्याच्या मते २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या फौजा ३८ वे अक्षवृत्त ओलांडून दक्षिणेत घुसल्या, तेथेच निकाल लागला. दोन्ही मते सोयीची आहेत आणि म्हणूनच दोन्ही अर्धी आहेत. एका अपराध्याला पकडून दुसऱ्याला सोडून देणाऱ्या निवाड्याला न्याय म्हणत नाहीत.

या युद्धाचे मूळ १९५० मध्ये नव्हे, १९४५ मध्ये शोधावे लागते. जपान शरण येण्याच्या बेतात असताना, १० ऑगस्टच्या रात्री, डीन रस्क व चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये एका नकाशावर पाहून सुमारे अर्ध्या तासात ३८ व्या अक्षवृत्ताची रेघ मुक्रर केली. उत्तर सोव्हिएट फौजांकडे, दक्षिण अमेरिकी फौजांकडे! स्टालिननेही ही वाटणी निमूट मान्य केली. युरोपात पराभूत जर्मनीची फाळणी झाली. आशियात मात्र फाळणी झाली ती पराभूत जपानची नव्हे, तर जपानने १९१० पासून गुलामीत ठेवलेल्या कोरियाची. ज्यांचा देश चिरला जात होता, त्यांना कोणी विचारलेदेखील नाही.

कोरियन जनता तेव्हा हात बांधून बसली होती असेही नाही. ठिकठिकाणी लोकसमित्या उभ्या राहिल्या होत्या आणि ६ सप्टेंबर १९४५ रोजी ल्यो उन-ह्यंग यांच्या पुढाकाराने सेऊलमध्ये लोकप्रजासत्ताकाची घोषणा झाली होती. अमेरिकी लष्करी प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली. जपान्यांनी पोसलेली पोलीस यंत्रणा मात्र कामाला ठेवली. उत्तरेत सोव्हिएट प्रशासनाने समित्या मोडल्या नाहीत, त्या आतून पोखरल्या. विश्वस्त राजवटीला विरोध करणारे राष्ट्रवादी नेते चो मान-सिक १९४६ च्या प्रारंभीच नजरकैदेत गेले. दोन्ही बाजूंना एकत्र आणू पाहणाऱ्या ल्यो यांचा १९ जुलै १९४७ रोजी खून झाला. १९४८ मध्ये सिंगमन ऱ्ही व किम इल-सुंग यांची दोन सरकारे उभी राहिली आणि प्रत्येकाने साऱ्या कोरियावर हक्क सांगितला. युद्धाचे सरपण असे दोघांनी मिळून रचले.

उत्तरेच्या हल्ल्याला निव्वळ मुक्तिसंग्राम म्हणणाऱ्यांनी मॉस्कोच्या दप्तरातील कागद वाचावेत. सोव्हिएट संघ कोसळल्यानंतर ते खुले झाले. १९५० च्या पूर्वार्धात स्टालिनने या मोहिमेला संमती दिली, आणि तीही माओंची संमती घेण्याच्या अटीवर, हे त्यांतून उघड झाले. आपले पायदळ न उतरवता दुसऱ्यांच्या रक्तावर खेळलेला हा जुगार होता. त्याला कोणी आंतरराष्ट्रीय बंधुभाव म्हणत असेल, तर शब्दांना काही अर्थच उरत नाही.

दुसऱ्या गोटाचा इतिहास याहून उजळ नाही. ध्वज युनोचा होता, हुकूम मात्र मॅकआर्थरचा. अमेरिकी फौजा ३८ वे अक्षवृत्त ओलांडून उत्तरेत शिरल्या तर चीन स्वस्थ बसणार नाही, हा चाऊ एन-लाय यांचा इशारा भारताचे पेकिंगमधील राजदूत सरदार पणिक्कर यांनी ऑक्टोबर १९५० च्या आरंभीच पोहोचविला होता. वॉशिंग्टनने तो झिडकारला. चिनी फौजा उतरल्या आणि काही महिन्यांत संपू शकणारे युद्ध तीन वर्षे चालले. अमेरिकेने कोरियावर सुमारे ६,३५,००० टन बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात साऱ्या पॅसिफिक रणक्षेत्रावरही तिने इतके टाकले नव्हते. जुलै १९५१ मध्ये बोलणी सुरू झाली तेव्हा आघाडी पुन्हा त्याच रेघेच्या आसपास आलेली होती. तरीही आणखी दोन वर्षे माणसे मरत राहिली.

या काळात भारताने जे केले त्याला कुंपणावर बसणे म्हणत नाहीत. उत्तरेच्या हल्ल्याचा भारताने निषेध केला, पण लढाऊ फौज न पाठवता वैद्यकीय पथक पाठविले. फेब्रुवारी १९५१ मध्ये चीनला आक्रमक ठरविणाऱ्या ठरावाविरुद्ध मतही दिले. २७ जुलै १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचा प्रश्न जनरल थिमय्या यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाकडे आला आणि त्या कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व शंकरराव थोरात या मराठी सेनानीने केले. दोन्ही गोटांचे शिव्याशाप सोसून केलेले हे काम कोणाही गोटाच्या शेपटीला बांधून घेतलेल्या राष्ट्राला जमले नसते.

तो युद्धविराम शांततेच्या तहात कधी रूपांतरित झालाच नाही. दक्षिणेत लोकशाही आली ती अमेरिकी तळांनी आणली नाही. १९८० मध्ये ग्वांगजूत सांडलेल्या रक्ताने आणि १९८७ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या जनतेने ती मिळविली. उत्तरेत समाजवादाच्या नावाने एका घराण्याची तीन पिढ्यांची गादी चालली. २०२४ मध्ये तिने आपले तरुण रशियाच्या युद्धात लढायला धाडले. महासत्तांची नावे आणि निशाणे बदलली, हिशेब तोच राहिला.

म्हणून पुढच्या वेळी कोठे तोफा धडाडू लागतील तेव्हा निशाणाचा रंग पाहून टाळ्या पिटण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे : रेघ कोणी आखली, दारूगोळा कोणाचा होता, आणि प्रेते कोणाच्या अंगणात पडली?