पाटी बघून कर्नल निवडू नका!

लिनक्स कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रीएम्प्शनच्या पर्यायांवर वर्षानुवर्षं पाट्या लावलेल्या होत्या: 'नन' म्हणजे सर्व्हर, 'व्हॉलंटरी' म्हणजे डेस्कटॉप, 'फुल' म्हणजे लो-लेटन्सी डेस्कटॉप. आणि आपण इंजिनियर लोक पाटी दिसली की मान डोलावतो. माझ्या मते या पाट्यांनी फायद्यापेक्षा घोळच जास्त घातलाय.

आधी एक गैरसमज. 'नन' घेतलं की एखादा प्रोग्राम सीपीयू अडवून बसेल, असं भले भले सिनियर छातीठोकपणे सांगतात. साफ चूक! यूजर मोडमधला प्रोग्राम कुठल्याही मॉडेलमध्ये बाजूला काढता येतोच. प्रश्न एवढाच, की प्रोसेस सिस्टिम कॉल करून कर्नलच्या आत शिरल्यावर तिला मध्येच उठवायचं का? 'नन'मध्ये ती बाहेर येईपर्यंत किंवा स्वतःहून सीपीयू सोडेपर्यंत थांबायचं. 'व्हॉलंटरी'त अशा सोडायच्या जागा जास्त पेरलेल्या. 'फुल'मध्ये स्पिनलॉक वगैरे धरलेला नसेल तर सरळ उठवायचं.

मी स्वतः दोन शनिवार घालवून 'फुल' कर्नल कंपाइल केला होता, कारण बिल्ड चालू असताना माऊस अडखळायचा. अडखळणं तसंच! शेवटी कळलं, रॅम भरून स्वॅपिंग चाललं होतं. डिस्कची वाट बघत झोपलेल्या प्रोसेसला सीपीयू मोकळा करून देऊन काय उपयोग? रॅम वाढवली, विषय संपला. (दोन शनिवार मात्र गेले ते गेलेच.)

आणि 'सर्व्हर' म्हणजे नक्की काय हो? रात्रभर रिपोर्ट काढणारं मशीनही सर्व्हर आणि लोकांचे व्हॉइस कॉल सांभाळणारंही. पहिल्याला एकूण काम जास्त उरकायला हवं, दुसऱ्याला एकही पॅकेट उशिरा नको. दोघांना एकच पाटी?

बरं, कंपाइल करायचीही सक्ती राहिली नाही. २०२१ च्या ५.१२ पासून, तशी सोय ठेवून बांधलेल्या कर्नलला बूट करतानाच मॉडेल सांगता येतं. जानेवारी २०२५ च्या ६.१३ मध्ये तर 'लेझी' आलं: रिअल-टाइम कामाला लगेच जागा, साध्या कामाला मात्र पुढच्या टिकपर्यंत थोडी कळ काढायला लावायची. म्हणजे खुद्द कर्नलवालेच आता काम कुठलं ते बघतायत, डबा कुठला ते नाही. आमच्याकडे मात्र परवाच्या मीटिंगमध्ये पुन्हा तेच, "सर्व्हर आहे ना, मग नन टाक." सायक्लिकटेस्ट चालवून बघितलंत का, म्हणून विचारलं. सगळे लॅपटॉपमध्ये बघायला लागले.