कशावरून? अंबडकरांना एक तातडीचं आवाहन



२६ फेब्रुवारी २०२४ चा सोमवार आठवून पाहा. आपल्या तालुक्यात संचारबंदी होती. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांतलं इंटरनेट सरकारने बंद केलं होतं. सगळे ग्रुप एकदम गप्प झाले. मराठा आरक्षणावरून वातावरण तापलेलं असताना अफवा पसरू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्या दिवशी मला एक गोष्ट फार लागली. तुमच्या-माझ्या अंगठ्यावर सरकारचा भरवसा उरला नव्हता, आणि तसा भरवसा ठेवावा असं आपण फारसं वागलोही नव्हतो.

तशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून हे आवाहन. कोणताही संदेश पुढे ढकलण्याआधी आपल्या मराठीतला एक साधा शब्द विचारा: कशावरून?

वाद बंद करा, असं मी म्हणत नाही. आपल्या ग्रुपवर सकाळी मोसंबीच्या फळगळीवर वाद होतो, दुपारी मोबाइलच्या टॉवरवर, संध्याकाळी मालिकेतल्या सुनेवर आणि रात्री आरक्षणावर. याचा मला अभिमान आहे. आपला मुलूख वाद घालणाऱ्यांचा आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्या शेजारच्याच तालुक्यात आहे. त्यांचा दासबोध श्रोत्याची शंका आणि वक्त्याचं उत्तर अशाच रीतीने पुढे सरकतो. शंका विचारली म्हणून तिथे कुणी श्रोत्याला बैठकीतून काढत नाही. आपल्या ग्रुपवर मात्र शंका विचारणाऱ्याला हल्ली ‘तू कुणाचा माणूस?’ असा उलटा प्रश्न येतो.

सुरुवात रोजच्या विज्ञानापासून करतो, कारण तिथली चूकही जिवावर बेतते. वळवाचे ढग दाटले की दरवर्षी तोच संदेश येतो: मोबाइल वीज ओढून घेतो, फोन बंद करा. मोबाइल वीज ओढत नाही. वीज उंच आणि एकट्या उभ्या वस्तूवर पडण्याचा संभव जास्त, म्हणून धोका आहे तो शेतातल्या एकट्या झाडाखाली. हा संदेश वाचलेला माणूस फोन बंद करून खिशात ठेवतो, झाडाचा आडोसा घेतो आणि आपण सुरक्षित आहोत असं समजतो. उलट त्याच फोनमध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप असेल, तर आसपास वीज पडण्याची सूचना त्याला आधी मिळू शकते. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर काम टाकून पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो, आणि श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी लागते. ‘शिवू नका’ असं कुणी ग्रुपवर लिहिलं, तर त्या एका वाक्यापायी वाचू शकणारा माणूस जाईल.

मोसंबीचंही तसंच. आपल्या जिल्ह्याचं नाव या फळाने देशभर नेलं. फळगळ पाण्याच्या ताणाने होते, अन्नद्रव्यांच्या कमतरतेने होते, बुरशीने होते आणि किडीनेही होते. कारण वेगळं तसा उपाय वेगळा. संजीवकाचं प्रमाण तर लाख भाग पाण्यात एखाद-दुसरा भाग इतकं बारीक असतं. संदेश टाइप करताना एक शून्य जास्त पडलं, तर बाग भोगते. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी तिथे विचारायला किती वेळ लागतो?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, हा संदेश २०२० च्या सुरुवातीला महाराष्ट्रभर फिरला. मीही तो पुढे पाठवला. ‘काळजी घ्या’ एवढं वर स्वतःचं लिहिलं. त्या दिवसांत भाव कोसळले आणि पोल्ट्रीवाले पक्षी मातीमोल दराने विकू लागले, कुणी फुकट वाटू लागले. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने कर्ज काढून शेड उभी केली होती. ती शेड रिकामी झालेली मी पाहिली. माझ्या एका संदेशाने त्याचा धंदा बुडाला असं नाही. पण ज्या हजारो हातांनी तो बुडवला, त्यांत माझाही हात होता. त्याची माफी मागायला मला फार उशीर झाला.

‘टीव्हीवर दाखवलंय’ हेही पुरेसं उत्तर नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये २,००० रुपयांची नवी नोट आली, तेव्हा तिच्यात चिप आहे आणि जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला सापडते, असं काही वृत्तवाहिन्यांनीच सांगितलं. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या नोटेच्या वैशिष्ट्यांत चिपचा उल्लेखही नव्हता. आता तर वाहिनीचं बोधचिन्ह चिकटवून खोटी पाटी घरबसल्या बनते, आणि नेत्याचा आवाजही बनवता येतो. म्हणून बातमीचा फोटो आला की त्याच वाहिनीच्या अधिकृत पानावर जाऊन बघा. बातमी तिथे नसेल, तर ती तुमच्यापाशीच थांबू द्या.

वाद मिटवण्याची एक सुंदर रीत जयंत नारळीकरांनी आपल्याला घालून दिली आहे. पत्रिकेवरून माणसाची बुद्धी कळते की नाही, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या आणि एवढंच विचारलं: यातली हुशार मुलाची कोणती, दुसरी कोणती? २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेल्या उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवूनही साधारण निम्मी उत्तरं बरोबर येतात. या कामात कुणाचा अपमान झाला नाही, कुणाची जात निघाली नाही. दोन्ही बाजूंना आधीच मान्य होईल अशी कसोटी ठरवली, तर वादातून काहीतरी हाती लागतं.

आणि कशावरून हे न विचारल्याने काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश मोबाइलवर फिरत होते. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना जमावाने ठेचून मारलं. पिढीजात भटकणारी, दारोदार मागून खाणारी माणसं होती ती. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत दोन मोटारसायकलस्वार मूल उचलून नेताना दिसत होते. मूळ चित्रफीत कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली होती. तिचा शेवट, जिथे मूल परत आणून ठेवतात आणि सावध राहायला सांगतात, तो कुणीतरी कापून टाकला होता. राईनपाड्याच्या त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ५ माणसं त्याआधीच गेली होती. ‘अहो, कशावरून?’ असं त्या बाजारात कुणी मोठ्याने विचारलं असतं आणि चार जण त्याच्या बाजूने उभे राहिले असते, तर?

शेवटी आपल्या घरातलं दुखणं. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. १४ ऑक्टोबरला तिथेच मराठा समाजाची विराट सभा झाली. १७ नोव्हेंबरला अंबडमध्ये ओबीसींची एल्गार सभा झाली. पुढच्या जूनमध्ये वडीगोद्रीला ओबीसी आंदोलकांचं उपोषण झालं. राज्याच्या राजकारणाची ही दोन्ही टोकं एकाच तालुक्यात आहेत, आणि दोन्हीकडची माणसं एकाच हॉटेलात चहा पितात, बांधाला बांध लावून शेती करतात. दोन्हीकडच्या घरांत शिकून बसलेली मुलं आहेत. दोन्हीकडची चिंता खरी आहे. ती बोलून दाखवण्याचा हक्क दोघांनाही आहे.

पण माझ्या माहितीतले दोन मित्र आहेत. नवरात्रात मत्स्योदरीच्या दर्शनाला ते दरवर्षी बरोबर जायचे. एका रात्री ग्रुपवर एकाने दुसऱ्या समाजाबद्दलचा एक संदेश टाकला. त्याने तो लिहिलेला नव्हता, धड वाचलेलाही नव्हता. सकाळपर्यंत त्यावर दोनशे उत्तरं पडली होती. त्या नवरात्रात दोघे गडाच्या पायऱ्या वेगवेगळ्या वेळी चढले. मी दोघांनाही विचारलं की तो संदेश आला कुठून. दोघांनाही सांगता आलं नाही.

२ सप्टेंबर २०२५ ला याच आरक्षणाच्या प्रश्नावर हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासन निर्णय निघाला. त्यावर आपण महिनोन्‌महिने भांडलो. तो मराठीत आहे, सर्वांना उपलब्ध आहे. आपल्यातल्या किती जणांनी तो मुळातून वाचला? ज्याने वाचला नाही त्याने त्यावर मत देऊ नये, असं मी म्हणणार नाही. पण ‘त्यात असं लिहिलंय’ असं म्हणण्याआधी तेवढा तरी वाचावा.

म्हणून माझ्या या विनंत्या आहेत. आज रात्रीपासूनच.

१. माहिती आली की ‘कशावरून?’ विचारा. मात्र मत मांडणाऱ्याला धाक दाखवू नका. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका साध्या मतापायी अटक झाली होती. ज्या ६६-अ कलमाचा त्या प्रकरणात आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. मत ज्याचं त्याचं असतं, पुरावा मात्र सगळ्यांना सारखाच लागतो.

२. संदेशावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो अनेक हातांतून आला आहे असं समजा. तो पुढे पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या. खरी गोष्ट सकाळीही खरीच राहते.

३. मूल पळवणारे, चोर, दंगल असं काही आलं तर ग्रुपवर टाकू नका. ११२ वर फोन करा. अनोळखी माणूस दिसला तर त्याला बसवा, पाणी द्या आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याभोवती उभे राहा, त्याला वाचवण्यासाठी.

४. ॲडमिन मंडळींनो, दुसऱ्याच्या पोस्टवरून तुमच्यावर आपोआप गुन्हा ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. कायद्याची भीती नको, पण जबाबदारी घ्या. तणावाच्या दिवशी फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सोय करा. जातीवर, धर्मावर किंवा कुणाच्या आयाबहिणींवर गेलेली पोस्ट तत्काळ काढा, मग ती आपल्या माणसाची का असेना.

५. चूक कळली तर जिथे पाठवलं तिथेच दुरुस्ती पाठवा. गुपचूप पुसून टाकलं तर खोटं पुढे चालतच राहतं.

६. शिक्षकांनो, आठवड्यातून एक तास द्या. मुलांना एक फिरता संदेश द्या आणि तो खरा की खोटा ते शोधून आणायला सांगा. ही मुलं घरी जाऊन आजोबांचा फोन सांभाळतील. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे राज्यघटनेच्या ५१-अ कलमातलं आपलं कर्तव्य आहे, आणि त्याची सुरुवात एवढ्या छोट्या तासाने होऊ शकते.

७. वाद हातघाईवर आला की टाइप करणं थांबवा आणि त्या माणसाच्या घरी जा. अंबड एवढं मोठं नाही की चालत पोचता येणार नाही. समोर बसलेल्या माणसाला आपण जे बोलू शकत नाही, ते फोनवरही लिहू नये.

हे सगळं वाचून झाल्यावर मलाही विचारा, कशावरून? यातली प्रत्येक तारीख, प्रत्येक आकडा तपासा. चूक सापडली तर गल्लीत अडवून सांगा. ज्यांनी ज्यांनी हे वाचलं, त्यांच्यापर्यंत मी दुरुस्ती पोचवीन. पोल्ट्रीवाल्या त्या मुलाला मी तसा शब्द दिला आहे.

आपला,
अंबडचा एक रहिवासी