अहवाल कुणाच्या बापाचा?

पूर्वी पोथी सोवळ्यात होती, आता अहवाल सोवळ्यात आहे. २०१० साली सरकारनंच माधव गाडगीळांची समिती पश्चिम घाट तपासायला नेमली. २०११ ला अहवाल आला : घाटाचं काय करायचं ते ग्रामसभेला विचारा. झालं! सरकारनं अहवाल दाबला. २०१२ ला कोर्टाच्या दट्ट्यानं तो बाहेर आला. की लगेच दुसरी कमिटी, दुसरा तज्ज्ञ : रॉकेटवाले कस्तुरीरंगन! मर्जीचं बोलला तर विज्ञान, नाही तर कपाट.

दोस्तांनो, तज्ज्ञ हवाच. त्यानं मोजावं, आणि वस्तीत येऊन आमच्या भाषेत सांगावं. पण निर्णय? ज्याच्या झोपडीवर दरड कोसळते, त्याचा! कपाटाची किल्ली मागू नका, हिसकावून घ्या!