मशीन जुनं नाही, खण नाहीये!

समोर कस्टमर उभा. तुम्ही अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसमध्ये त्याचा मोबाइल नंबर टाकता आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत बसतं. कस्टमर घड्याळाकडे बघतो, तुम्ही कस्टमरकडे. बॉसचं निदान ठरलेलं, ‘मशीन जुनं झालंय!’

थांबा! नव्या पीसीचं कोटेशन मागवायच्या आधी मी तुम्हाला येरवड्याला, डेक्कन कॉलेजात नेते. तिथे १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून १९७३ पर्यंत जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठीवर शब्द आणि तो कुठल्या ग्रंथात, कुठे आलाय त्याचा पत्ता. सगळ्या वर्णानुक्रमे लावलेल्या. म्हणजे शब्द हवा असला की दीड हजार ग्रंथ उलटायचे नाहीत, फक्त बरोबर खण उघडायचा.

डेटाबेसमधला इंडेक्स म्हणजे हाच खण. तो नसेल तर अ‍ॅक्सेस बिचारं पहिल्या रेकॉर्डपासून एकेक तपासत जातं. दोन लाख रेकॉर्ड असतील तर दोन लाख! क्रमाने लावलेल्या यादीत मात्र दर वेळी मधोमध बघून अर्धी यादी बाद करत गेलं, तरी १८ टप्प्यांत काम फत्ते.

करायचं काय? लंच टाइम गाठा, कारण तेव्हा फाइल दुसऱ्या कोणी उघडलेली नको. बॅकअप घ्या. टेबल डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा, मोबाइल नंबरचं फील्ड निवडा आणि खाली ‘इंडेक्स्ड’समोर ‘येस (डुप्लिकेट्स ओके)’ करा. नवरा-बायको एकच नंबर देतात, म्हणून डुप्लिकेट्स चालू द्या. सेव्ह करा, झालं! प्रायमरी कीला इंडेक्स आपोआप मिळतो.

पण म्हणून दिसेल त्या फील्डला इंडेक्स लावत सुटू नका. प्रत्येक नवी एन्ट्री म्हणजे प्रत्येक खणात एक नवी चिठ्ठी. शोध पळेल, एन्ट्री रांगेल. ‘स्त्री/पुरुष’सारख्या फील्डला तर उपयोगच नाही, खण उघडला तरी आत अर्धं गाव! आणि नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून शोधलंत तर इंडेक्स हात वर करतो. शेवटचं अक्षर सांगून कोशात शब्द सापडतो का?

तेव्हा रोज नक्की काय शोधता, ते आधी कागदावर लिहा. दोन-तीनच फील्ड निघतील. कोशवाल्यांनी चिठ्ठ्यांसाठी पंचवीस वर्षं दिली. तुमचा लंचसुद्धा वाया जाणार नाही.