विंडोज सोडावे का? आधी तपासणी, मग औषध

माजरीसारख्या कोळसा खाणीच्या गावात प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलाकडे बहुधा जुनाच लॅपटॉप असतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. ती अनेक जुन्या यंत्रांत नसते. मग नवा लॅपटॉप घ्यायचा की लिनक्स टाकायचे? घरात एकच पगार असेल तर हा प्रश्न साधा राहत नाही.

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे कुणी म्हणेल. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील संगणक बंद पाडले आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. ज्या त्रुटीतून हा हल्ला झाला, तिच्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ती लावलीच नव्हती. म्हणजे लस फ्रीजमध्ये होती, टोचली नाही. लिनक्सवरही दुरुस्त्या वेळेवर लावाव्याच लागतात. ते फुकट आहे म्हणून अभेद्य नाही.

तरीही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने लिनक्सकडे वळावे, असेच म्हणावे लागेल. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी 'बह्मनी' ही खुली रुग्णनोंद प्रणाली तयार झाली. ती लिनक्स सर्व्हरवर चालते. डॉक्टर मात्र ती साध्या ब्राउझरमध्ये पाहतो. लिहिणाऱ्याचे यंत्र सर्व्हरच्या जातीचे असले की चुका लवकर सापडतात. उदाहरणार्थ, फाइलच्या नावातील इंग्रजी लहान-मोठी अक्षरे विंडोज सहसा एकच मानते, लिनक्स वेगळी. घरी नीट चाललेला प्रोग्राम सर्व्हरवर 'फाइल सापडत नाही' म्हणतो आणि रात्र जाते.

लगेच विंडोज पुसू नये. डेटाची प्रत काढावी, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का पाहावे. यंत्रात जोर असेल तर विंडोजमध्येच डब्ल्यूएसएलवर लिनक्स वापरता येते.

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीचे गणित मात्र निराळे. तिथे क्ष-किरण यंत्राचे सॉफ्टवेअर अनेकदा विंडोजसाठीच असते आणि कृतिदेवमधील जुनी पत्रे आधी युनिकोडमध्ये आणावी लागतात. सकाळी केसपेपरची रांग दारापर्यंत गेलेली असताना ही अदलाबदल करून पाहू नये.