ब्राउझर काढला, पण विरजण तळाशीच!

दह्याचं भांडं नीट न घासता त्यातच नवं दूध विरजलं, तर दही पुन्हा आंबटच लागतं. दोष दुधाचा नसतो, तळाशी राहिलेल्या जुन्या विरजणाचा असतो. कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरचंही तसंच आहे, बरं का!

शेजारच्या वहिनींची तक्रार याच जातीची. ब्राउझर उघडला की पहिलं पान कुठल्या तरी अनोळखी जाहिरातीचं. त्यांनी तो काढून टाकला, पुन्हा घातला, तरी पान तेच! मुलगा म्हणाला, "आता नवा कॉम्प्युटरच घ्या." इतक्या खर्चात पडायचं काही कारण नाही, मैत्रिणींनो.

ब्राउझर म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. एक चालणारा प्रोग्रॅम, आणि दुसरं आपलं 'प्रोफाइल'. आपल्या खुणा, पासवर्ड, जोडलेली एक्स्टेन्शन्स, पहिलं पान, सगळं या प्रोफाइलमध्ये असतं. प्रोग्रॅम काढला तरी प्रोफाइल बहुधा जागेवरच राहतं, आणि नवा प्रोग्रॅम तेच उचलतो.

म्हणून आधी सौम्य उपाय करावा. फायरफॉक्समध्ये मदतीच्या यादीतल्या 'ट्रबलशूटिंग'च्या पानावर 'रिफ्रेश फायरफॉक्स' असं बटण असतं. त्याने एक्स्टेन्शन्स आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात, पण खुणा आणि पासवर्ड राहतात. क्रोममध्ये हेच काम सेटिंग्जमधलं 'रिसेट' करतं. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

नाही भागलं, तर मग भांडं तळापासून घासायचं. ते असं :

१. आधी मौल्यवान वस्तू बाजूला काढा. २०१९ च्या महापुरात सांगलीकरांनी हा धडा घेतलाच आहे. खुणा आणि पासवर्ड 'एक्स्पोर्ट' करून पेन ड्राइव्हवर ठेवा. पासवर्डची फाइल मात्र साध्या अक्षरांत असते, कोणालाही वाचता येते. काम झालं की ती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

२. ब्राउझर पूर्ण बंद करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स'च्या यादीतून तो अनइन्स्टॉल करा. क्रोम त्या वेळी विचारतो, "ब्राउझिंगची माहितीही पुसू का?" त्या चौकोनात खूण करायला विसरू नका.

३. फायरफॉक्सचं प्रोफाइल आपणच शोधावं लागतं. विंडोजचं बटण आणि 'आर' एकदम दाबा. येणाऱ्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, मग ए, पी, पी, डी, ए, टी, ए ही इंग्रजी अक्षरं सलग, आणि पुन्हा टक्क्याचं चिन्ह टाइप करा. उघडलेल्या जागी 'मोझिला' आणि त्यात 'फायरफॉक्स' हा फोल्डर दिसेल. तो लगेच पुसू नका, नुसतं नाव बदला. आठ दिवस सगळं सुरळीत चाललं, की मग खुशाल टाका.

४. नवा ब्राउझर ज्याचा त्याच्याच अधिकृत स्थळावरून घ्या. 'फुकट डाउनलोड'च्या भलत्या पानांवरून नको.

५. हो, एक राहिलंच! नव्या ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने शिरलं, की खात्यात साठलेलं सगळं पुन्हा खाली उतरतं. नको असलेलं एक्स्टेन्शनही त्यात येऊ शकतं. म्हणून 'सिंक'मध्ये फक्त खुणा आणि पासवर्ड चालू ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. आमचं विश्रामबाग म्हणजे विलिंग्डन आणि वालचंद या कॉलेजांचा परिसर. जुना लॅपटॉप नव्या विद्यार्थ्याला विकणं किंवा नात्यातल्या मुलीला देणं, हे घरोघर चालतं. "ब्राउझर काढलाय हो," एवढ्या भरवशावर तो देऊ नका. तळाशी राहिलेल्या प्रोफाइलमध्ये तुमच्या बँकेचा, गॅस नोंदणीचा, मुलांच्या फीचा पासवर्ड असू शकतो. देण्याआधी विंडोजच्या 'रिसेट'मध्ये 'सर्व काही काढा' हा पर्याय निवडा. आणि दुसऱ्याचा लॅपटॉप आपल्या घरी आला, तर पहिल्याच दिवशी हेच करा.

हे काम घरातल्या पुरुषांवर किंवा मुलांवर सोपवायची गरज नाही. दुपारच्या निवांत तासाभरात आपल्या हातून सहज होतं. पासवर्ड आपले, तेव्हा ते कुठे राहिलेत हे आपल्याला माहीत असायलाच हवं.